आई ‘झिजली’ नाही

खाडीपल्याड · शुक्रवार, रात्री १०.५०

आई श्रावणात गेली. शहात्तर वर्षांची होती. दिवसकार्य उरकलं आणि पुढच्या रविवारी गावच्या शाळेत शोकसभा ठेवली होती. खाडीपलीकडून दोन होड्या भरून माणसं आली. जे बोलले ते मनापासून बोलले, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येकाच्या तोंडी फिरून फिरून एकच: बाई मुलांसाठी चंदनासारख्या झिजल्या. नवऱ्याची गिरणी बंद पडली, पोरं उपाशी राहू नयेत म्हणून चौतिसाव्या वर्षी नर्सिंगला गेल्या, जन्मभर खस्ता खाल्ल्या. मी पहिल्या बाकावर बसून मान हलवत होते. घरी येऊन पाय धुताना कळलं की मला राग आलाय.

म्हणून हा धागा. हळवे लेख ज्यांना सोसत नाहीत त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग मानणार नाही.

आई झिजली वगैरे काही नाही. तिला ते काम आवडायचं. घरच्या कामापेक्षा जास्त आवडायचं, आणि हे आम्हा तिन्ही भावंडांना लहानपणापासून ठाऊक होतं.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या खाडीकाठी. बाबा परळला गिरणीत. तेव्हाच्या कोकणातलं नेहमीचंच घर: नवरा मुंबईत, बायको गावी, मध्ये पोस्टमन. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि मनिऑर्डर थांबली. आज मिटेल, उद्या मिटेल करत बाबा तिकडेच राहिले. गणपतीला आले ते परत गेलेच नाहीत. त्याच सगळ्या धबडग्यात आई शिकली. तिची शाळा सातवीला सुटलेली. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून दिली, मग पुढच्या वर्षी सिव्हिलच्या नर्सिंग शाळेत ए.एन.एम.ला, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाईच्या कोर्सला, नंबर लागला. तेव्हा दहावीवर अठरा महिन्यांचा कोर्स होता. वय बसतंय की नाही याची शेवटपर्यंत धाकधूक. बरोबरच्या पोरी सतरा-अठराच्या, त्या तिला ‘मावशी’ म्हणायच्या. दीड वर्ष ती रत्नागिरीला होस्टेलवर आणि आम्ही गावी. मी तेव्हा बारा वर्षांची, भाऊ नऊ, धाकटी पाच. चुलीपुढे मी. बाबांना नीट भात शिजवता यायला वर्ष गेलं.

बाबांच्या आईने, म्हणजे थोरल्या आजीने, तर आकांत मांडला होता. “लोकांच्या बायकांचा विटाळ काढायला जाणार? आपल्यात कोणी गेलंय?” तिच्या लेखी ते सुईणीचं काम, आणि सुईण आमच्या ओट्यावर चढत नसे. गंमत म्हणजे खरं शिक्षण आईला त्या म्हाताऱ्या सुईणीकडूनच मिळालं असं ती सांगायची. पोटावर हात ठेवून मूल आडवं आहे की उभं हे पुस्तकात वाचून कळत नाही, ते तिनं शिकवलं. नाळ कापायचं ब्लेड उकळून घ्यायला आईनं तिला शिकवलं. फिट्टंफाट.

हे डोक्यात कुठून आलं? आमच्या पडवीतून. उपकेंद्राला इमारत नव्हती, तेव्हा गावची नर्सबाई आमच्याकडे पडवीतल्या खोलीत भाड्याने राहायची. संध्याकाळी स्टोव्हवर पातेल्यात काचेच्या सिरिंज आणि सुया खुळखुळत उकळायच्या, आणि आई दाराच्या चौकटीला टेकून बघत उभी. स्वयंपाक तसाच. थोरल्या आजीची हाक आली की जायची, परत येऊन उभी. पुढे पुढे ती पेटी धरायला बरोबर जाऊ लागली. ‘पाखाडीवरून बाईंचा पाय घसरतो’ हे कारण. बाई मूळची कोल्हापूरची, पाखाड्यांची, म्हणजे आमच्या चढ-उताराच्या दगडी पायवाटांची, सवय नाही, एवढं खरं होतं.

१९८५ला आई नोकरीला लागली, खाडीच्या दुसऱ्या अंगाच्या उपकेंद्रात. तिच्या हाताखालच्या वाड्या काही वर सड्यावर (कातळाच्या माळावर), काही अगदी पाण्याला लागून. गरोदर बायांच्या नोंदीत अंदाजे तारखेपुढे ती पेन्सिलीने तिथी लिहायची. मोठ्या सिस्टरनी एकदा तपासणीला आल्यावर विचारलं, मुहूर्त काढता की काय बाई? मुहूर्त नव्हे, भरती. आमच्याकडे हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत गेलं की थोडं उशिरा धरायचं. ओहोटीला होडी काठापासून लांब गाळात रुतते; कळा देणारी बाई गुडघाभर चिखलातून चालवायची कशी? म्हणून ज्यांची तारीख अडचणीच्या तिथीला, त्यांना ती आधीच अलीकडच्या काठाला नातेवाइकांकडे आणून ठेवायची. हे तिला कुठल्याही कोर्सात शिकवलेलं नव्हतं.

एक बाई तिच्या हातची गेली. बाळ झालं, वार पडली, आणि रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, जीप यायला तीन तास लागले. आई घरी आली, न्हाणीघरात बराच वेळ होती, नंतर जेवली नाही. त्यावर ती आमच्याशी कधीच बोलली नाही. पण त्या वाडीला जाणारी जवळची पाखाडी तिने सोडली, निवृत्त होईपर्यंत ती सड्यावरून लांबचा वळसा घालून जायची.

आता आई म्हणून कशी होती? सांगते. शनिवारी वस्तीच्या एस.टी.ने होस्टेलवरून यायची, कधी रात्री नऊला, कधी गाडी बंद पडली की अकराला. आल्या आल्या जवळ घेणं वगैरे नाही. कंदिलाखाली बसवून तिघांची नखं, केस, कान, जीभ. धाकटीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का बघायची. मग पिशवीतले खारे दाणे. आम्हाला वाटायचं, आई आली नाही, तपासणी आली. माझ्या मुलीला आज हे सांगितलं तर ती म्हणते, “अगं मम्मा, तेच तिचं जवळ घेणं होतं.” असेल. मला बाराव्या वर्षी ते कळायला हवं होतं असं कोणी म्हणू नये.

नातवंडांच्या वाट्याला मात्र वेगळीच बाई आली. माझी मुलगी १९९८ची. कोकण रेल्वे त्याच वर्षी पूर्ण सुरू झाली होती. आई चिपळूणला गाडीत बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा गुडघे न दुखता मुंबईत उतरली. सुट्टीत लेक गावी गेली की आजीबरोबर पल्स पोलिओच्या बूथवर. बोटाला शाई लावायचं काम तिचं. घरी दोघी भोंगा घेऊन गाभण गायीच्या पोटाला लावून बसायच्या. (भोंगा म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचा, एका टोकाला कान लावायचा तो.) काही ऐकू यायचं नाही बहुतेक, पण दोघी गंभीर चेहऱ्याने माना डोलवायच्या. २०१४च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या दिवशी घरात घावन आणि नारळाचा रस. बाबांनी विचारलं, आज काय? “पोलिओ गेला,” एवढंच.

तिची लोखंडी ट्रंक परवा उघडली. भोंगा, टोकं झिजलेली कात्री, बदलीचे आदेश, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दहावीची गुणपत्रिका: मार्च १९८२, गणितात ३९. भाऊ म्हणाला, फ्रेम करू. मी म्हटलं, गणिताचे मार्क बघून ती वर बसून लाजेल.

तुमच्याकडे अशा कोणी असतील तर लिहा.

सुरंगी · शुक्रवार, रात्री ११.३२

श्रद्धांजली. “आई आली नाही, तपासणी आली” वाचून हसले आणि मग हसू आवरलं. माझी आई शिक्षिका होती, तीही घरी आल्यावर आधी वह्या बघायची, मग आमच्याकडे.

दर्यावर्दी · शनिवार, सकाळी ६.१५

तिथीची पाऊणपट अगदी बरोबर. आमच्या जयगडच्या खाडीत आजही म्हातारे असाच हिशेब करतात. मोबाइलवर भरतीचं कोष्टक आलं तरी आधी तिथी विचारतात. एक जोडतो: अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी चढतच नाही पुरेसं. म्हणजे सहा वाजता भरती असली तरी लहान धक्क्याला होडी लागेल याची खात्री नाही. तुमच्या आई अष्टमीवाल्या बायांचं काय करायच्या?

खाडीपल्याड · शनिवार, सकाळी ८.०५

@दर्यावर्दी, त्यांनाच तर आधी आणून ठेवायची. अमावस्या-पौर्णिमेचं तिला भय नव्हतं, उधाणाला होडी थेट माडांच्या मुळापर्यंत येते. तिच्या नोंदीत अष्टमीखाली दोन रेघा असायच्या. मला वाटायचं देवीचा उपास.

सोलकढी · शनिवार, सकाळी ९.४०

वाचून डोळ्यांत पाणी इला. आमच्या कुडाळाकडची एक गजाल सांगतंय. माझ्या जन्माच्या येळाक माझी आजी म्हणी, पयलो चीक पोराक पचाचो नाय, पिळून टाक आणि मध चाटव. नर्सबाय खळ्यात उभी होती. तिणा एकच इचारल्यान, “गायचो खरवस मिटक्ये मारीत खातास, आणि आपल्या पोराचो चीक मातयेत ओततास?” आजी गप. माका चीक गावलो. म्हणान आज हयसर लिवक बसलंय.

खाडीपल्याड · शनिवार, सकाळी १०.१०

@सोलकढी, कमाल आहे! आई शब्दशः हेच बोलायची. मला वाटायचं तिची स्वतःची अक्कल. दीड वर्षाच्या कोर्सात हे वाक्य घोकून घेत असणार. माझ्या बाळंतपणात मुंबईच्या खोलीत येऊन तिने माझ्या सासूबाईंनाही खरवसच ऐकवला. सासूबाई त्यानंतर वर्षभर खरवस खात नव्हत्या.

तिरकस · शनिवार, दुपारी १२.५५

लेख चांगला आहे, पण एक खटकलं. ‘आवडायचं’ हे आज बसून म्हणायला सोपं. संप झाला नसता, मनिऑर्डर येत राहिली असती, तर त्या गेल्या असत्या का? गरज आधी, आवड मागाहून. माणूस रोज जे करतो ते त्याला आवडायला लागतं, त्यात वाईट काही नाही. पण शोकसभेतली माणसं चुकीचं बोलली असं नाही वाटत मला.

आणि दुसरं. त्या काळातल्या नर्सबाईंबद्दल सगळीच घरं इतकं गोड बोलणार नाहीत. माझ्या मावशीच्या दारात मार्च महिन्यात रोज कोणीतरी उभं असायचं, ऑपरेशन करून घे म्हणून. दोन मुलींवर करायला लावलं. ती अजून त्याबद्दल बोलते.

खाडीपल्याड · शनिवार, दुपारी २.२०

@तिरकस, दुसऱ्या मुद्द्यावर भांडणार नाही. आईही त्यातलीच. ‘केसेस’चं टार्गेट असायचं, आणि मार्च जवळ आला की ती घरात कोणाशी धड बोलत नसे. शिबिराला बाया न्यायच्या, जीपमध्ये बसवायच्या, नंतर त्यांचे टाके बघायला आठवडाभर खेपा. आकडा कमी पडला की बैठकीत सगळ्यांसमोर उभं करून बोलायचे. १९९६च्या एप्रिलपासून ती टार्गेटं सरकारनेच काढली. त्या दिवशी ती म्हणाली, “आता लोक मला बघून दार लावणार नाहीत.” म्हणजे लावत होते. तुमच्या मावशींनी लावलं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गरज होतीच. मी एवढंच सांगतेय की गरज भागल्यावरही ती थांबली नाही. भावाला नोकरी लागली, बाबांनी कलमं लावली, घर चालू लागलं, तेव्हा सगळे म्हणाले सोड आता. तिने अठ्ठावन्न पूर्ण करूनच सही केली, आणि त्यानंतरही गावात कोणाला कळा सुरू झाल्या की आमच्या ओट्यावर कंदील यायचा.

फुरसं चावलेला · शनिवार, दुपारी ४.०२

नाव वाचून हसू नका, खरंच चावलंय. भात कापताना, डाव्या घोट्याला. शेजारचे म्हणाले वरच्या वाडीतल्या मांत्रिकाकडे चला, दुसरा ब्लेड घेऊन आला. आमच्या उपकेंद्राच्या बाई (तुमच्या आई नव्हेत, मी संगमेश्वराकडचा) पोचल्या आणि त्यांनी आधी ब्लेडवाल्याला हाकललं. कापायचं नाही, चोखायचं नाही, याला चालवायचं नाही. घडीच्या खुर्चीत बसवून चौघांनी रस्त्यापर्यंत नेलं. एक जण मेलेलं फुरसं काठीवर घेऊन मागोमाग. बाई म्हणाल्या, “ते कशाला? लस चारही सापांवर एकच असते.” नाग, मण्यार, घोणस, फुरसं. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त काढून वीस मिनिटं ठेवलं, गोठेना, मग लस चढवली. तीन दिवसांत घरी.

विंचवाचीही तीच गत होती आमच्याकडे. लाल विंचू चावून धडधाकट माणूस रात्रीत जायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यावर वापरून दाखवली, तेव्हापासून चित्र पालटलं. २०२२ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या बाईंनी घरी येऊन पेढा दिला होता. स्वतःच्या पैशाने.

इतिहासाचं वेड · शनिवार, सायंकाळी ६.३०

थोडं मागे जातो. संसारातून उठून नर्सिंगला जाण्याची वाट महाराष्ट्रात जुनी आहे. रमाबाई रानड्यांनी १९०९ला पुण्यात सेवासदन काढलं. तिथल्या बाया ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जायच्या, त्यांत विधवा बऱ्याच. तेव्हाही ‘परक्यांचा विटाळ’ हाच आक्षेप होता. आणि विधवांच्या शिक्षणासाठी १८९६ला आश्रम काढणारे महर्षी कर्वे तर तुमच्या शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. म्हणजे तुमच्या थोरल्या आजींचा आकांत ऐंशी-नव्वद वर्षं उशिरा पोचला म्हणायचा.

खाडीपल्याड · शनिवार, सायंकाळी ७.१५

@इतिहासाचं वेड, आमच्याकडे सगळंच उशिरा पोचायचं. वीजसुद्धा.

थोरल्या आजीचं पुढचं सांगायचं राहिलं. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखम होऊ नये म्हणून आई तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायची, रात्रीसुद्धा गजर लावून. विटाळाचा विषय परत निघाला नाही. माफीबिफीही कोणी मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. फक्त मरायच्या आधी काही महिने तिने आईला ‘सूनबाई’ म्हणायचं सोडून ‘नर्सबाय’ म्हणायला सुरुवात केली होती. टोमणा होता की मान, आईला विचारलं तर म्हणायची, “दोन्ही.”

उपकेंद्रवाली · शनिवार, रात्री ९.२०

मी सध्या ए.एन.एम. आहे, रायगड जिल्ह्यात. कागदावर उपकेंद्राला पाच हजार लोकसंख्या, डोंगराळ भागात तीन हजार. खेपा मात्र डोंगर बघून कमी होत नाहीत. काचेच्या सिरिंज मी फक्त ऐकून आहे. माझ्या वेळेपासून एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी सिरिंज. आशाताई आहेत म्हणून जीव टिकून आहे, त्या २००५नंतर आल्या. तुमच्या आईंनी वीस वर्षं त्यांच्याशिवाय काढली हे वाचून खरंच हात जोडले.

बाकी आमचा निम्मा वेळ आता मोबाइलात नोंदी भरण्यात जातो. नेटवर्क सड्यावर. म्हणजे लसीकरण खाली आणि नोंद वर.

प्रश्न विचारू का · शनिवार, रात्री १०.०५

धाग्याचा विषय वेगळा आहे, पण इथे जाणकार दिसले म्हणून. बहीण ३३ वर्षांची, बारावी आर्ट्स, दोन मुलं शाळेत. हे वाचून (मीच तिला वाचून दाखवलं) म्हणते, मला जमेल का? आता काय नियम आहेत?

उपकेंद्रवाली · शनिवार, रात्री १०.२५

@प्रश्न विचारू का, जमेल, पण घाई करायला सांगा. ए.एन.एम. आता दोन वर्षांचा आहे आणि बारावी लागते, आर्ट्स चालतं. वयाची वरची मर्यादा ३५. तीन वर्षांचा जी.एन.एम. (त्याच्या वरचा नर्सिंगचा कोर्स) नंतरही करता येईल, कारण ए.एन.एम. झालेल्यांना त्यासाठी वयाची अट नाही. शाळा भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता असलेलीच बघा, आणि कोर्स झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही. जाहिरातीत ‘सहा महिन्यांत नर्स’ दिसलं तर पान उलटा. होस्टेलचं विचारून ठेवा, मुलांचं कोण बघणार ते आधी ठरवा. बाकी अभ्यास होतो.

प्रश्न विचारू का · शनिवार, रात्री १०.३१

मुलांचं मी बघणार. मला भात येतो.

निवृत्त मास्तर · रविवार, सकाळी ७.४५

तीस वर्षं माध्यमिक शाळेत होतो, त्यातली बरीच मुख्याध्यापक म्हणून. सतरा नंबरचे फॉर्म माझ्या हातून भरपूर गेले आहेत. त्यामुळे शनिवारी धागा वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळत आहे. चूक असल्यास सांगा.

आपल्या मातोश्रींची गुणपत्रिका मार्च १९८२ची, असं आपण लिहिलं आहे. सतरा नंबरचा फॉर्म परीक्षेच्या तोंडावर भरता येत नाही. तो आदल्या वर्षीच भरावा लागतो, पावसाळा सरता सरता. म्हणजे १९८१च्या भाद्रपद-आश्विनात कधीतरी. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला.

संपामुळे त्या शिकल्या नाहीत. संप झाला तेव्हा त्यांचा फॉर्म बोर्डात जाऊन पडलेला होता.

तिरकस · रविवार, सकाळी ८.२०

मास्तर, दंडवत. माझा पहिला मुद्दा मागे घेतो.

खाडीपल्याड · रविवार, सकाळी ११.५०

मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून मी अर्धा तास नुसती बसून होते. ट्रंक पुन्हा उघडली. तारीख तीच आहे. चव्वेचाळीस वर्षं घरात ही गोष्ट एकाच क्रमाने सांगितली गेली: आधी संप, मग पुस्तकं. मीही शुक्रवारी तशीच लिहिली, तारीख स्वतः टाइप करून. मी तेव्हा पाचवीत. रात्री चिमणीच्या उजेडात ती माझ्या दप्तराजवळ बसलेली आठवते. मला वाटायचं माझा अभ्यास बघते.

म्हणजे पडवीतल्या त्या दाराच्या चौकटीला टेकून ती नुसती बघत नव्हती. आणि संप झाल्यावर ‘आता नाइलाज आहे’ म्हणायला तिला किती सोपं गेलं असेल! थोरल्या आजीसमोर नाइलाज चालतो, हौस चालत नाही.

बाबा गावीच आहेत, त्र्याऐंशीचे. दुपारी फोन करते. कान कमी आहेत, पण जुनं विचारलं की ऐकू येतं.

सुरंगी · रविवार, दुपारी १२.१०

काय म्हणाले ते नक्की लिहा. मी आज दुपारी झोपणार नाही.

खाडीपल्याड · रविवार, रात्री ९.३५

केला फोन. जसं झालं तसं लिहिते.

मी विचारलं, बाबा, आईने दहावीचा फॉर्म कधी भरला? म्हणाले, “आदल्या वर्षी. गणपतीनंतर.” मग संपामुळे शिकली असं आम्हाला का सांगत होतात? तर म्हणाले, “मी कुठे सांगितलं? तुझी आजी सांगायची. आम्ही नाही म्हणालो नाही.”

तुम्हाला माहीत होतं? “फीचे पैसे कोणी पाठवले मग?”

त्या महिन्याची मनिऑर्डर नेहमीपेक्षा थोडी जास्त होती. खालच्या कुपनावर मजकुरासाठी जागा असते, तिथे त्यांनी लिहिलं होतं, ‘कौलांसाठी’. पोस्टमन आजीसमोर वाचून दाखवायचा म्हणून. आजी पुढचे दोन पावसाळे विचारत होती, कौलं कुठे आहेत.

मी मास्तरांचा प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचला. मग म्हणाले, मास्तरांना नमस्कार सांग, हिशेबाला पक्के आहेत.

फोन ठेवता ठेवता म्हणाले, “पण तू ते गणिताचं चुकीचं लिहिलंयस. एकोणचाळीस नव्हे, एकोणपन्नास. निकाल लागल्यावर तिने मला मुंबईला पत्र पाठवलं होतं, माझ्या पक्कं लक्षात आहे. नीट बघ.”

चष्मा लावून, दिव्याखाली धरून बघितलं. आकड्यातही आणि अक्षरातही एकोणचाळीसच आहेत.

त्यांना म्हटलं, हो बाबा, एकोणपन्नास. माझंच चुकलं.